भरलं ताट

जिंतूरच्या आमच्या घरात एक स्टीलचं ताट आहे. काठाला दोन पोचे आलेत. कडेवर बारीक ठिपक्यांनी आजोबांचं नाव कोरलंय, आधी 'कै.', नंतर 'यांच्या स्मरणार्थ'. मृगातल्या एका संध्याकाळी येलदरीकडच्या रानात त्यांच्यावर वीज पडली, तेव्हा घरी चुलीपुढं त्यांचं ताट मांडून ठेवलेलं होतं. वर्षश्राद्धाला आजीनं ताटांवर नाव टाकून घेतलं आणि ती भाऊबंदांत वाटली. एक घरी राहिलं.

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, असं आपल्याकडं म्हणतात. ज्यांची हत्या झाली, तीही अशीच उठवलेली माणसं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना 1881 मध्ये रेल्वे स्टेशनात गोळी लागली. अडीच महिने झुंजून ते गेले. राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली 1901 मध्ये बफेलोच्या प्रदर्शनात लोकांशी हात मिळवत उभे होते, तिथंच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या दोघांच्या स्मरणार्थ तिकडं काचेची ताटं निघाली, पाव वाढायची, मधोमध त्यांचा चेहरा असलेली. वितळलेली काच लोखंडी साच्यात दाबून अशी भांडी स्वस्तात होत, म्हणून ती साध्या घरांतही पोचली. लिंकन यांच्या नावानं तर पेल्यांवर झालरीची नक्षी आली, सुतकातल्या घरावर सोडलेल्या काळ्या पडद्यांसारखी.

हे वाचलं तेव्हा मला आजीचं ताट आठवलं. पुतळा चौकात उभा राहतो, तसबीर भिंतीवर चढते. पण पंगतीतून उठवलेल्या माणसाला जागा द्यायची, तर ती पंगतीतच द्यावी लागते.

आपल्या देशानं हत्या झालेल्या नेत्यांना नाण्यावर घेतलं. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, त्यांच्या चेहऱ्याचं 20 पैशांचं पिवळंधमक नाणं आलं. 1985 मध्ये इंदिरा गांधींचं पाच रुपयांचं जड नाणं आलं, 1991 मध्ये राजीव गांधींचा रुपया. बाजारात मेथीची जुडी घेताना हे चेहरे या हातातून त्या हातात गेले. नाण्यालाही हाताची ऊब लागतेच. तरी नाणं खर्चून जातं. ताट रात्री घासून पुन्हा मांडणीवर येतं.

काचेचं ताट हातून सुटलं की संपलं, म्हणून ते जपून कपाटात जातं. आजीनं मात्र हे ताट कधी उचलून ठेवलं नाही. अवेळी कुणी दारात आलं, उन्हातून पायी आलेला अनोळखी माणूस असला तरी, ती हेच ताट काढायची. भाकरी, पिठलं, कांदा. तो उठू लागला की म्हणायची, "बाबा, पोटभर खा. घाई करू नको."

तो जेवून हात धुईपर्यंत ती समोर बसून राहायची. मग ताट उचलायची, आणि कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवून ते घासायला न्यायची. आजोबांचं राहून गेलेलं जेवण ती असं रोज कुणाकडून तरी पुरं करून घेत होती.