मुहूर्तमेढ

आरंभासाठी मराठीत शब्द पुष्कळ. श्रीगणेशा, ओनामा, नांदी, पायाभरणी. या सगळ्यांत माझा जीव जडला आहे तो मुहूर्तमेढीवर. मुहूर्त म्हणजे दोन घटका, अवघी 48 मिनिटे. मुठीत धरू म्हटले तर निसटणारी. मेढ म्हणजे मांडवाचा खांब, मातीत पाय रोवून उभा राहणारा. लग्नघरी शुभवेळ पाहून पहिली मेढ रोवतात, तिला आंब्याचे डहाळे बांधतात, हळदकुंकू वाहतात. वाहत्या वेळेला त्या दिवशी अंगणात उभे राहायला जागा मिळते. म्हणूनच शाळा निघाली, ग्रंथालय निघाले, चळवळ सुरू झाली, की आपण म्हणतो, अमक्याने मुहूर्तमेढ रोवली.

अशीच एक मेढ मी बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत पाहिली. खानदेशच्या फारुकी सुलतानांची, तापीकाठची ही राजधानी. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाहाने बांधलेल्या या काळ्या दगडी मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात आधी सृष्टिकर्त्याला नमन, मग फारुकींची वंशावळ आणि अखेरीस मशीद उभारल्याची वेळ आहे: शके 1511, पौष शुद्ध एकादशी, सोमवार, रोहिणी नक्षत्र, रात्रीच्या 11 घटका उलटलेल्या, कन्या लग्न. इंग्रजी कालगणनेने तो जानेवारी 1590. स्वधर्माच्या पालनासाठी ही मशीद उभारली, असेही लेख सांगतो.

मी त्या अक्षरांपुढे बराच वेळ उभा होतो. कुणा ज्योतिषाने घटका मोजल्या असतील, कुणा पाथरवटाने त्या छिन्नीने उतरवल्या असतील. देव ज्याचा त्याचा, पंचांग मात्र साऱ्या गावाचे. आपल्या प्रार्थनास्थळाची वेळ शेजाऱ्याच्या भाषेत लिहून ठेवावी, असे त्या सुलतानाला वाटले. मला यात मनाचा फार मोठेपणा दिसतो. आरंभ एकट्याचा नसतो, हे त्याने ओळखले होते.

पुढे 1597 मध्ये राजा अलीखान लढाईत पडला. 1601 मध्ये फारुकींचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती गेला आणि त्यांचे राज्य संपले. त्या पौषातल्या रात्रीची वेळ मात्र भिंतीवर अजून वाचता येते. मांडव किती दिवस टिकेल, हे मेढ रोवणाऱ्याच्या हाती नसते. कुणाला नमून आणि कुणाला सोबत घेऊन ती रोवायची, एवढे त्याच्या हाती असते.

तुमच्याही मनात एखादे काम मुहूर्ताची वाट पाहत असेल. शेजाऱ्यालाही बोलवा आणि मेढ रोवा.