पतंगातला पाव

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी मी बडोद्याला, हरणीत भाच्याकडे होते. त्याची तिसरीतली मुलगी शाळेतून पतंगाचा चौकोनी कागद घेऊन आली. दोनदा दुमडून म्हणाली, "आजी, हा बघ पाव!" आम्हां गोवेकरांना पाव म्हटले की पोदेरच आठवतो. हा पाव मात्र कागदाचा चौथा हिस्सा होता. बाईंनी गणिताच्या तासालाच पतंग करून घेतले होते.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तरी आपल्या बहुतेक शाळांत चित्रकला राहिली ती आठवड्यातल्या एका तासापुरती. तोही तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो.

मीही गोव्यात प्राथमिक शिक्षिका होते. दिवाळीच्या सुमारास एका मुलाने गणिताच्या वहीत आकाशकंदील काढला. मी ते पान फाडले. त्या कंदिलाच्या बाजू आणि कोपरे वर्गाला मोजायला लावले असते, तर अर्धा धडा तिथेच झाला असता.

पुढे वर्षभर त्याची वही अगदी स्वच्छ राहिली. मी त्याला शाबासकी दिली होती.