कोपराचा न्याय

मित्राची स्तुती गोड लागते खरी; पण उपयोगी पडतो तो त्याचा नकार. आम्ही पाथरीची काही हौशी मंडळी पहाटे वजने उचलतो. उचलणारे आम्हीच, शिकवणारे आम्हीच आणि पंचही आम्हीच! तुम्ही म्हणाल, हा न्याय तो कसला?

नियम सोपा आहे. दांडी डोक्यावर नेताना कोपर लवले आणि मग सरळ केले, तर ती उचल बाद. तीन पंचांपैकी दोघांचे मत निर्णायक. परवा माझ्या जोडीदाराने ८० किलो वर नेले. वर्षभर तो मला मागे टाकायला धडपडत होता. एका पंचाचा होकार, दुसऱ्याचा नकार, उरलो मी. त्याचा मुलगा माझ्याकडे टक लावून पाहत होता. कोपर लवले होते. मी 'बाद' म्हटले.

"गुरुजी, बरं साधलंत!" एवढे बोलून तो निघून गेला.

एका किलोचे मोल सांगलीच्या संकेत सरगरला विचारावे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने २४८ किलो उचलले. सुवर्ण नेणाऱ्याने २४९! कोपर दुखावले, तरी तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला. तिथे ओळखीपाळखीने किलो वाढत नाही.

तीन दिवस जोडीदार फिरकला नाही. चौथ्या पहाटे दाराची कडी वाजली. "चला गुरुजी, माझं कोपर नीट करायचंय."

ते नीट झाले, की माझा पहिला नंबर जाणार. तो घालवण्यासाठीच सध्या मी अर्धा तास लवकर उठतो!