मर्जीतला माणूस

ठाणे

चि. सई हिस,


तुझे फोटो पोचले. लंडनच्या सेंट पॉल्समधला एलफिन्स्टनचा पुतळा पाहून तू विचारलंस, "आपल्या कॉलेजवाला आणि स्टेशनवाला तो हाच का?" कॉलेजवाला हाच. स्टेशनवाला नंतरचा, दुसरा एलफिन्स्टन. स्टेशनचं आता प्रभादेवी झालं, कॉलेज अजून याच्या नावावर आहे. पण त्याच चर्चमधल्या दुसऱ्या फोटोत गुडघे टेकून बसलेला जो पाद्री आहे, बिशप हेबर, त्याच्याबद्दल तू अवाक्षर विचारलं नाहीस. मला खरी गंमत वाटली ती हे दोघे एका छपराखाली आहेत याची. या दोघांची गाठ ज्या एका माणसात पडते, तो आपल्या ठाण्याच्या तुरुंगातून पळाला होता. पुण्याला कंपनीचा रेसिडेंट असलेल्या एलफिन्स्टनने त्याला कोंडलं, आणि हेबरने त्याला कोठडीत भेटून त्याच्याविषयी लिहून ठेवलं. तो त्रिंबकजी डेंगळे. पुण्यात डेंगळे पुलावरून तू गेली असशील, तेच आडनाव.

माणूस मूळचा संगमनेरकडचा, निमगाव जाळीच्या पाटील घराण्यातला. पेशव्यांच्या दरबारात शिरला तो मात्र जासूद म्हणून, म्हणजे निरोप आणि बातम्या पोचवणारा. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकराने पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि पेशवा दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात महाडला पळाला. अशा वेळी मानकरी, मुत्सद्दी कसे वागतात ते तुला सांगायला नको. जो तो वारं कुठलं आहे ते बघत बसतो. त्या धामधुमीत पुण्याला पत्र पोचवून त्याचं उत्तर घेऊन यायचं होतं. त्रिंबकजी गेला आणि कुणाला वाटलं नव्हतं इतक्या लवकर उत्तरासह परत आला. बाजीरावाची नजर त्याच्यावर गेली ती तेव्हा.

एका पत्रामुळे कुणी कारभारी होत नाही हे खरंच. पण बाजीरावाची अडचण ध्यानात घे. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला तह करून तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला. गादी परत मिळाली, पण फौज त्यांची आणि परराज्यांशी बोलायचं तेही त्यांना विचारून. जुन्या सरदारांवर त्याचा विश्वास नव्हता, त्यांचाही त्याच्यावर नव्हता. नाना फडणविसांच्या धाकात वाढलेला, बाप राघोबाच्या बंडामुळे कैदेत दिवस काढलेला हा माणूस. त्याला असा कारभारी हवा होता ज्याच्यामागे ना सरंजाम, ना फौज, ना सोयऱ्याधायऱ्यांचं गणगोत. जो उद्या डोईजड झाला तर एका शब्दात खाली आणता येईल. पटवर्धनांसारख्या घराण्यातला माणूस असा कधीच मिळाला नसता. जासूद मिळाला.

आणि त्रिंबकजी कामाचा होता. उर्मट, धाडसी, धन्याच्या हुकुमापुढे मागचापुढचा विचार न करणारा. सदाशिव माणकेश्वरासारखे जुने कारभारी हळूहळू मागे पडले आणि हा पुढे सरकला. बाजीरावाला पैसा हवा असे, आणि तो काढण्याची रीत या दोघांनी बसवली ती अशी: महालांचा वसूल जास्तीत जास्त बोली करणाऱ्याला मक्त्याने द्यायचा. मक्तेदार पुढे पोटमक्ते देई, आणि शेवटी शेतकऱ्याकडून किती उकळायचं याला धरबंध राहत नसे. नानांच्या काळात कमाविसदार वर्षानुवर्षं एका जागी असे, त्याला गावाची थोडी तरी चाड असे. आता पुढच्या वर्षी कोण येईल याचा भरवसा नाही, म्हणून याच वर्षी ओरबाडा. तक्रार आली की मामलेदारालाच पकडून त्याच्याकडून पैसा घ्यायचा. तो सरकारात जमा होई, रयतेच्या हाती काही येत नसे. हे सगळं एलफिन्स्टनने १८१९ च्या अहवालात लिहिलंय. जिंकलेल्या मुलखाबद्दल जिंकणाराच लिहितोय हे लक्षात ठेवलं, तरी मक्त्याची ही कथा त्याने मनाने रचलेली नाही.

१८१४ मध्ये अहमदाबादेचा प्रश्न आला. तिथला पेशव्यांचा वाटा दहा वर्षं गायकवाडांकडे मक्त्याने होता. मुदत संपली, बाजीरावाने तो पुन्हा गायकवाडांना न देता त्रिंबकजीला तिथला सरसुभेदार केलं. शिवाय गायकवाडांकडे जुनी थकबाकी निघत होती. ती मिटवायला बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यात आले, इंग्रजांच्या अभयाच्या भरवशावर. हे शास्त्री म्हणजे एक प्रकरणच. विद्वान ब्राह्मण, पण चालणं-बोलणं सगळं साहेबी. भरभर चालणार, दुसऱ्याचं वाक्य तोडणार, पेशव्याला आणि त्याच्या मंत्र्यांना इंग्रजीत शिव्या हासडणार. एलफिन्स्टनच्या पत्रात त्यांचं हे वर्णन वाचताना हसू येतं. पुण्याच्या दरबारात त्यांना कुणी हसत नसावं.

आधी त्यांना धाकात घेण्याचे प्रयत्न झाले, मग एकदम गोडी सुरू झाली. बाजीरावाच्या मेहुणीचं लग्न शास्त्रीबुवांच्या मुलाशी ठरलं, नाशकात तयारीही चालू झाली. पण हिशेबाचा निकाल बडोद्याला पसंत पडेना, तेव्हा शास्त्र्यांनी लग्नातून अंग काढून घेतलं. बाजीरावाच्या वाड्याची कीर्ती माहीत असल्यामुळे आपल्या बायकोला तिथे पाठवायलाही ते तयार झाले नाहीत. भरदरबारात पेशव्याचा याहून मोठा अपमान कुणी काय करणार?

जुलै १८१५. आषाढीसाठी बाजीराव पंढरपूरला, बरोबर त्रिंबकजी, आणि आग्रह करून नेलेले शास्त्री. त्यांचा समजूतदार सोबती बापू मैराळ याला मात्र नाशकातच मागे ठेवलेलं. रात्री देवळात या म्हणून त्रिंबकजीचे निरोपावर निरोप आले. शास्त्र्यांना बरं वाटत नव्हतं, त्यांनी नाही म्हटलं, पुन्हा निरोप आला. शेवटी मोजकी माणसं घेऊन ते गेले, दर्शन घेतलं, आणि परतताना रस्त्यात मारेकऱ्यांनी त्यांना तोडलं. वारीच्या दिवसांत, विठोबाच्या दारात, ब्राह्मणाची हत्या! तेव्हाच्या लोकांना हे ऐकून काय वाटलं असेल त्याची कल्पना कर.

एलफिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहत होता. त्याने पुढे जे केलं ते मला या सगळ्या हकिगतीतलं सर्वांत हुशारीचं वाटतं. पेशव्याने खून करवला, असं तो म्हणालाच नाही. खुनी त्रिंबकजी, पेशवे सरकार निर्दोष. फक्त त्यांनी गुन्हेगार आमच्या हवाली करावा. बाजीरावाच्या इच्छेवाचून हा माणूस असं काही करू धजेल, हे त्याला खरं वाटत होतं असं मला वाटत नाही. पण पेशव्यावर आरोप केला असता तर लढाई तरी करावी लागली असती किंवा माघार तरी. मधे त्रिंबकजी होता म्हणून दोघांनाही वाट मिळाली. मर्जीतला माणूस धन्याला हवा असतो हे सगळेच सांगतात. धन्याच्या शत्रूलाही तो तितकाच हवा असतो, हे इथे दिसतं.

बाजीरावाने टाळाटाळ पुष्कळ केली. बंद मेण्यातून गुपचूप पुण्यात शिरला, त्रिंबकजीला नजरकैदेत ठेवल्याचं दाखवलं. अखेर सप्टेंबरात त्याला इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं. खटला असा कधी चाललाच नाही. त्याला इथे ठाण्याच्या किल्ल्यात आणून ठेवलं. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आलेला, मग इंग्रजांनी घेतलेला तो किल्ला आजही तुरुंगच आहे. स्थानिक शिपाई फितूर होतील म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा ठेवला. तीच चूक झाली. एका अधिकाऱ्याकडे मराठा मोतद्दार होता. तो रोज त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोडा फिरवी आणि मराठीत गाणी म्हणे. गोऱ्यांना वाटे, गातोय बिचारा. गाण्यात बेत होता: झाडाखाली ५५ घोडे उभे आहेत, स्वार मात्र ५४ आहेत. हेबरने ही गोष्ट ऐकून ते गाणं इंग्रजी पद्यात बांधलं. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी, धो धो पावसात, भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडून, तटावरून दोर सोडून पंचावन्नावा स्वार निघून गेला.

त्यानंतर नाशिक, संगमनेर, खानदेश, शंभू महादेवाचे डोंगर. भिल्ल, रामोशी, मांग यांची जमवाजमव. बाजीराव आतून पैसे पुरवी आणि बाहेर कानांवर हात ठेवी. धन्याने कारभाऱ्याला टाकून दिल्याच्या गोष्टी इतिहासात ढिगाने मिळतात. बाजीरावासारख्या भित्र्या माणसाने याला मात्र आतून सोडलं नाही. त्याची किंमतही जबर पडली. १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर, रायगड ओलीस द्यावे लागले, त्रिंबकजीला पकडणाऱ्याला दोन लाखांचं बक्षीस जाहीर करावं लागलं, आणि १३ जूनच्या तहात तोच खुनी आहे असं लिहून द्यावं लागलं. दोन वर्षांपूर्वी जी सोयीची पळवाट होती ती आता बाजीरावाच्याच गळ्याभोवती आवळली गेली. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात त्रिंबकजी होता. जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या मालकमला शरण आला, आणि महिन्याभराच्या आत त्रिंबकजी नाशिकजवळ अहेरगावात सापडला.

पेशव्याला सालिना आठ लाखांचं पेन्शन आणि ब्रह्मावर्त. चाकराला काशीजवळचा चुनारचा किल्ला. दोघेही गंगेच्या काठी. पण बाजीराव यज्ञयाग, लग्नं करत १८५१ पर्यंत जगला, आणि त्रिंबकजी १८२९ मध्ये कैदेतच मेला.

हेबर त्याला १८२४ च्या सप्टेंबरात भेटला. लहानखुरा, चपळ, चिडका दिसणारा माणूस. अंगावर लाल काठाचं मळकं उपरणं. दोन हवेशीर खोल्या, छोटं देऊळ, पिंपळाखाली बाग आणि तिच्यात त्याने हौसेने लावलेला तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस हे नाशिक-संगमनेरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. एलफिन्स्टन माझा सर्वांत चांगला मित्र आणि सर्वांत वाईट शत्रू, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं हेबरने टिपून ठेवलंय. कारण मुंबईचा गव्हर्नर झालेला हा साहेब त्याची मालमत्ता नीट सांभाळत होता, मुलांशी बापासारखा वागत होता, आणि त्याच्या सुटकेला मात्र कधीही रुकार देत नव्हता. हवा तेवढा जामीन देतो, कंपनीचा दोस्त होऊन दाखवतो, असं त्रिंबकजी पुनःपुन्हा सांगे. त्या शब्दांवर एलफिन्स्टनचा विश्वास नव्हता. माझाही नाही.

तू विचारशीलच, म्हणून सांगतो: खून त्रिंबकजीने करवला असं मला वाटतं, आणि बाजीरावाला ते ठाऊक होतं असंही वाटतं. इनामदारांच्या 'झेप' कादंबरीत वेगळा त्रिंबकजी आहे, ताठ कण्याचा आणि इंग्रजांचा वैरी. तोही खोटा नाही. ठाण्याच्या तटावरून निसटणारा आणि रयतेला पिळणारा माणूस एकच असू शकतो. 'झेप' तुझ्या आईबरोबर पाठवतोय. हेबरचं प्रवासवर्णन तुला तिथल्या लायब्ररीत मिळेल. ग्रँट डफही वाच, पण सांभाळून. तो एलफिन्स्टनच्याच हाताखालचा साताऱ्याचा रेसिडेंट होता. आणि पुन्हा सेंट पॉल्सला गेलीस तर हेबरचा फोटो जरा जवळून काढ, या वेळचा हलला आहे.

तुझा,
मामा