तीन शून्ये आणि रोजची भाकर

पैशाचे रूप बदलले की मनुष्याला पहिली चिंता पडते ती आपल्या ताटाची. 1957 च्या 1 एप्रिलला आपल्या देशात नवे पैसे आले, तेव्हा रुपया होता तेवढाच राहिला. सोळा आण्यांऐवजी त्याचे शंभर भाग झाले, इतकेच. परंतु एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा पैसे होत, आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हते. सरकारी कोष्टकाने आण्याचे सहा पैसे धरले. एखाद्या दुकानदाराने सात मागितले, तर तो वरचा तुकडा आण्या-आण्याने किराणा नेणाऱ्या गरिबाच्याच पदरातून जाई. महिन्याचे सामान एकदम भरणाऱ्याला त्याची झळ लागत नसे.

वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला हा हिशेब मला पुन्हा आठवला तो आफ्रिकेतील झांबिया देशामुळे. सोलापूरची भवानी पेठ ही यंत्रमागांची आणि विड्या वळणाऱ्या भगिनींची वस्ती. तेथील एका कॅथोलिक कुटुंबाची लेक झांबियातील एका खासगी शाळेत गणित शिकवीत असे. 2013 च्या 1 जानेवारीला त्या देशाने आपल्या क्वाचा या चलनातून तीन शून्ये काढली. हजार जुन्या क्वाचांचा एक नवा क्वाचा झाला. मिस्सा संपल्यावर तिची आई मला म्हणाली, "फादर, पोरीच्या पगाराचे चाळीस लाखांचे चार हजार झाले. आता आमच्या घराचं कसं व्हायचं?"

मी म्हणालो, "मावशी, पगार घटलेला नाही. पाव, भाडे, बसचे तिकीट, सगळ्यांचीच तीन शून्ये गेली आहेत." वस्तुस्थिती तशीच होती. जूनअखेरपर्यंत जुन्या व नव्या नोटा तेथे बरोबरीने चालत होत्या. अशा वेळी परक्या देशातील शिक्षिकेने दोन गोष्टी जपायच्या. नोकरीच्या करारपत्रातील आकडा नव्या चलनात लिहून घ्यायचा, आणि दुकानातील किंमत नव्या आकड्यात येताना वर सरकत नाही ना, याकडे लक्ष ठेवायचे.

तरीही त्या माउलीची भीती व्यर्थ नव्हती. संकट आले, ते मात्र दुसऱ्याच वाटेने. 2013 च्या आरंभी एका डॉलरला पाच-साडेपाच नवे क्वाचा पडत. 2015 च्या अखेरीस ते अकराच्या आसपास गेले. चार हजार क्वाचांचे पूर्वी सुमारे चाळीस हजार रुपये होत, ते पंचवीस हजारांच्या आसपास आले. करारातील आकडा जसाच्या तसा होता. परंतु भवानी पेठेतील औषधपाणी आणि धाकट्या भावाची फी त्यातून भागेना. शून्ये गेली त्या दिवशी घरात रडारड झाली होती. भाकर खरोखर लहान होऊ लागली, तेव्हा मात्र महिनोन्महिने ते कोणाच्या ध्यानीही आले नाही.

पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकातून हेच ख्रिस्तसभेच्या ध्यानी आणून दिले. मालक आणि कामगार यांनी करार मान्य केला, एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा त्यातून निर्वाह झाला पाहिजे. त्याच्याही कित्येक शतके आधी आमोस संदेष्ट्याने धान्याचे माप लहान करून गरिबांना नाडणाऱ्या व्यापाऱ्यांवर कोरडे ओढले होते. चलन हेही एक मापच आहे. ते उघडपणे आणि सर्वांसाठी सारखे बदलले, तर अन्याय होत नाही. ते आतल्या आत आटत गेले आणि आपण जुन्याच आकड्याकडे बोट दाखवीत राहिलो, तर मात्र होतो.

हा विचार दूरदेशीच्या शाळांपुरताच नाही. आपल्या संस्थांतून बाहेरगावाहून आलेले शिक्षक आहेत, आपल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत. त्यांना "ठरल्याप्रमाणे देतो" असे आपण समाधानाने म्हणतो. ठरले त्या दिवशी त्या पैशांत किती किलो ज्वारी येत होती आणि आज किती येते, हेही वर्षातून एकदा मोजून पाहावे.