पैठणीची उलटी बाजू

मंडळी, मागच्या आठवड्यात ऑफिसातला एक मित्र चहाच्या टपरीवर म्हणाला, "तुझ्या आत्याचं ते इन्स्टावालं काम जोरात चाललंय म्हणे. माझ्या बायकोच्या लोणच्यांसाठी पण एक पेज काढून दे ना." मी म्हटलं देतो, पण आधी एक गोष्ट ऐक. ती गोष्ट इतकी लांबली की दोनदा कटिंग झालं. मग वाटलं, शनिवार आहेच, लिहूनच काढू.

तर आमची आत्या पैठणची. संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटर. एकीकडे नाथसागर, एकीकडे नाथांची समाधी आणि घरात दोन हातमाग. एकावर आत्या, दुसऱ्यावर वहिनी. माल जायचा शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे. पैसे त्याच्या मर्जीने यायचे. कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी, कधी "पुढच्या मालात वळते करू" म्हणून नुसतंच आश्वासन. तीच साडी दुकानात किती रुपयांना लागते हे मी एकदा पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

डोकं फिरलं की इंजिनियर काय करतो? एक्सेल उघडतो.

२०२३ च्या दिवाळीत मी पैठणला गेलो तो लॅपटॉप घेऊनच. म्हटलं आत्या, व्यापारी बंद. आता डायरेक्ट टू कस्टमर. तिने फराळाचं ताट पुढे केलं आणि विचारलं, "म्हंजे काय करू राहिला तू?" मी तिला सगळं समजावलं. पेज, फॉलोअर, रीच, हॅशटॅग. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे बाजारात फडी लावायची, पण फोनवर." एवढ्या नेमक्या शब्दांत मला आमच्या मॅनेजरनेही कधी रिक्वायरमेंट सांगितलेली नाही.

मग मी कामाला लागलो. लोगो केला (मोर, अर्थातच). मित्राचा कॅमेरा आणला. वहिनीला साडी नेसवून गोदावरीच्या काठावर फोटो काढले. हॅशटॅगचा तर एक वेगळाच घोळ झाला. शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, पण लोक शोधताना दोन्ही नावं टाकतात, म्हणून मीही दोन्ही टाकली. त्यातून दोन-तीन मेसेज आले ते बिहारमधल्या औरंगाबादहून, "दुकान किस मोहल्ले में है भैया?" असो.

तीन महिने मी रोज एक सुंदर फोटो टाकला. लाइक यायचे. कोणाचे? मामा, मामी, माझे कॉलेजचे मित्र, मित्रांच्या मामा-मामी. अनोळखी लोकांकडून एकच शब्द यायचा, "प्राइस?" सगळे करतात म्हणून मीही लिहायचो, "इनबॉक्स केलंय ताई." इनबॉक्समध्ये बावीस हजार हा आकडा गेला की समोर शांतता. एक ताई मात्र स्पष्ट बोलल्या. "काहीही काय! फेसबुक लाइव्हला अशीच पैठणी दोन हजारांत मिळते."

खरंच मिळते. ते लाइव्ह तुम्हीही पाहिले असतील. "ताई, लाइव्ह शेअर करा, शेअर करणाऱ्या ताईंना गिफ्ट आहे! हा पीस बुक झाला, पटकन स्क्रीनशॉट पाठवा!" मी त्यांची चेष्टा करत नाहीये. त्या बायकांचं बोलणं, त्यांचा उत्साह आणि त्यांचा हिशोब, तिन्हीला माझा सलाम. ज्या बाईला दोन हजारांची साडी हवीये तिला ती मिळाली तर त्यात वाईट काय? वाईट एवढंच की यंत्रमागावर विणलेल्या त्या साडीलाही पैठणीच म्हणतात, आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. किंबहुना फिल्टर लावला तर त्यांची जास्त चमकते.

गंमत बघा, पैठणीला जाहिरातीची कमी कधीच नव्हती. २००४ साली 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि आदेश भावोजींनी पैठणी हा शब्द घरोघरी नेला. 'पैठणी साडी आणि कापड' यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नाव होतं, मान होता. पण माझ्या आत्याची साडी त्या दोन हजारवालीपेक्षा वेगळी का, हे एका चौकोनी फोटोत सांगायचं कसं, ते काही मला जमत नव्हतं.

ती दोन हजारवाली कमेंट वहिनीने आत्याला वाचून दाखवली. आत्या काही बोलली नाही. पण त्या दिवशी ती मागावर बसलीच नाही. मला फार अपराधी वाटलं. व्यापारी निदान तोंडावर तरी "माल चांगलाय" म्हणायचा.

पुढे जे झालं त्यात माझं कौशल्य शून्य. जुलै २०२४ मधला एक रविवार होता. मी मागाचा व्हिडिओ काढत होतो. आत्याने नुकतीच मागावरून उतरवलेली साडी तपासायला घेतली. तिने पल्लू झटकन उलटा केला आणि पाठीमागून बोट फिरवत म्हणाली, "सुलटी बाजू कोणी बी सजवंल. पारखायची तर उलटी बघावी." मी तेवढेच वीस-पंचवीस सेकंद, ना गाणं ना फिल्टर, तसेच टाकून दिले.

आता हे उलट्या बाजूचं प्रकरण जरा समजावून सांगतो, खरेदी करताना कामाला येईल. पारंपरिक पैठणीच्या पल्लूत प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी असते. मोराचा निळा जिथे संपतो आणि पिसाऱ्याचा हिरवा जिथे सुरू होतो, तिथे दोन धागे हाताने एकमेकांत अडकवले जातात. धागा पाठीमागून लोंबकळत पुढच्या नक्षीपर्यंत जात नाही. त्यामुळे मोर पुढून जसा, मागूनही जवळपास तसाच. यंत्रावरच्या नक्षीत मात्र धागे पाठीमागून आडवे धावतात किंवा कापलेले असतात. बोट फिरवलं की लगेच कळतं. आणखी एक, 'सिल्क मार्क' रेशमाची खात्री देतो, विणण्याची नाही. हाताने विणल्याची खूण म्हणजे 'हँडलूम मार्क', तो २००६ पासून आहे. दोन्ही वेगळे. मला स्वतःला हे सगळं त्या व्हिडिओनंतर कळलं. म्हणजे आठ-नऊ महिने मी ज्या वस्तूचं मार्केटिंग करत होतो ती मला माहीतच नव्हती!

तर तो व्हिडिओ चालला. चालला म्हणजे सुटलाच. दोन दिवसांत इतके लोक बघून गेले की आमच्या अख्ख्या खानदानाचे लाइक त्यात बुडून गेले. बायका आपापल्या कपाटातल्या पैठण्या उलट्या करून फोटो पाठवू लागल्या, "ही खरी आहे का हो?" फोन थांबेना. आणि ऑर्डर! दहा दिवसांत तेवीस ऑर्डर. प्रत्येकी पाच हजार अ‍ॅडव्हान्स. एक लाख पंधरा हजार रुपये. मी रात्री दोन वाजता एकटाच नाचलो, खोटं कशाला बोला.

त्या नाचात मी एक साधा गुणाकार विसरलो.

आत्याकडे एक पैठणी व्हायला साधारण दीड महिना लागतो. पल्लू भरगच्च असेल तर जास्तच. दोन माग. तेवीस साड्या. म्हणजे सव्वासतरा महिने, तेही कोणी आजारी पडलं नाही, कोणाचं लग्न निघालं नाही आणि नाथषष्ठीला पाहुणे आले नाहीत तर. आणि तेवीसातल्या बहुतेकींना साडी हवी होती तुळशीच्या लग्नानंतरच्या लगीनसराईत. चार महिन्यांवर! आमच्याकडे लोड वाढला की आणखी एक सर्व्हर उभा करतो, दहा मिनिटांचं काम. पण पल्लूचा मोर विणणारा हात असा तासावर भाड्याने मिळत नाही. रोज कपॅसिटी प्लॅनिंगवर इतरांना ज्ञान देणाऱ्या माणसाने हे करावं, याला काय म्हणावं?

आत्याला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. त्यानेच जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, "मला इचारायचं तरी, लेकरा." तोवर अ‍ॅडव्हान्समधले चाळीस हजार रेशमात आणि जरीत गेले होते.

ही बातमी त्या जुन्या व्यापाऱ्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. तो स्वतः घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "आठ तुम्ही विणा, पंधरा मी देतो. चांगल्यातल्या, यंत्रावरच्या. वर तुमचा डबा, तुमची चिठ्ठी. कोणाला कळतंय?" मला लाज वाटते सांगायला, पण मी क्षणभर विचार केला. नाही, क्षणभर नाही. रात्रभर केला. तेवीस लोकांच्या शिव्या, पेजवरच्या कमेंट, "फ्रॉड" हा शब्द, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. सकाळी हळूच आत्यासमोर विषय काढला.

ती मागावर होती. हात न थांबवता म्हणाली, "उलटी बाजू दाखवून गिऱ्हाईक आणलं ना तू? मग आता त्यान्ला सुलटीच दाखवू का?"

विषय संपला.

मग मी आणि वहिनी दोन दिवस फोन घेऊन बसलो. तेवीस फोन. प्रत्येकीला खरं सांगितलं. आमची चूक झाली, माग दोनच आहेत, तुमचा नंबर अमुक, साडी तमुक महिन्यात. थांबलात तर आनंद, नाही तर पैसे आजच परत. चौदा जणींनी पैसे परत घेतले. त्यातल्या दोघींनी यथेच्छ झापलं, बरोबरच होतं त्यांचं. नऊ जणी थांबल्या. एक काकू म्हणाल्या, "मुलीचं लग्न पुढच्या वर्षीच आहे हो, घाई नाही. पण ती नीट विणा." परतीचे सत्तर हजार द्यायचे होते. चाळीस रेशमात गेलेले, त्यामुळे हातात होते पंच्याहत्तर. म्हणजे पैसे जेमतेम पुरले, पण पुढच्या जरीला आणि घरखर्चाला काही उरेना. ते मी घातले. आत्याने ते वहीत उधारी म्हणून लिहिले आणि प्रत्येक साडीमागे थोडे थोडे करून फेडले. नको म्हटलं तर म्हणाली, "हिशोबात पावणा नसतो."

आता पेज बदललंय. सगळ्यात वर पिन केलेली पोस्ट अशी, "माग दोन. सध्या रांग अमुक महिन्यांची. किंमत ही." इनबॉक्स बंद, आकडा उघड. त्यामुळे चौकश्या पुष्कळ कमी झाल्या, पण ज्या येतात त्या खऱ्या असतात. दर रविवारी वहिनी मागावरच्या साडीचा एक फोटो त्या त्या गिऱ्हाइकाला पाठवते, "तुमचा मोर इथवर आलाय." त्या बाया तो फोटो आपापल्या स्टेटसला ठेवतात. ही जाहिरात मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवली नव्हती.

आणि एक वही केली आहे. कागदाची. नाव, गाव, फोन, कोणाच्या लग्नासाठी, कोणता रंग. मित्राला मी हेच निक्षून सांगितलं की बाबा रे, पेज ही भाड्याची जागा आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेली सगळ्यांची गर्दी एका रात्रीत गेली. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे आपल्या 'आपली आजी', त्यांचं यूट्यूब चॅनल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झालं होतं. काही दिवसांनी परत मिळालं म्हणून बरं. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्टसुद्धा ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. म्हणजे शेवटी प्रश्न हाच, की किती लोकांनी तुमचं नाव आपणहून लिहून ठेवलंय? आमच्या त्या नऊ जणींनी ठेवलंय. ज्या चौदा जणींनी पैसे परत घेतले, त्यातल्या तिघी आता पुन्हा रांगेत आहेत. "पैसे मागितले त्याच दिवशी परत आले, म्हणून," एकीने सांगितलं.

मित्राने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बरं, मग लोणच्यांचं पेज कधी करतोस?"

मी विचारलं, "वहिनी महिन्याला किती बरण्या घालतात?"

त्याला माहीत नव्हतं. म्हटलं आधी घरी जाऊन ते विचार, लोगोचं नंतर बघू :)

तूर्तास इतकंच. आणि हो, कपाटातली पैठणी एकदा उलटी करून बघाच.