जुन्या बिऱ्हाडाचे दार

काही बिघडले म्हणजे दोष कोठे आहे हे पाहण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे ठरवून मोकळे व्हावे, ही माणसाची जुनी खोड आहे. आम्हां शिक्षकांत ती अंमळ अधिकच! गेल्या पावसाळ्यात तिच्यापायी आम्हांस चांगलीच अद्दल घडली.

त्या दिवशी सायंकाळी आम्ही बेळगावी आईकडे आलो होतो. निपाणीची आमची शाळा तेथून सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर. चाचणी परीक्षेचे तक्ते शाळेच्या सर्व्हरवर, म्हणजे सर्वांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या मुख्य संगणकावर होते. सकाळी पालकसभा, आणि एका विषयाचे गुण भरावयाचे राहिलेले! त्या संगणकाचा पडदा घरबसल्या आपल्यापुढे आणणारी 'रिमोट डेस्कटॉप' ही सोय आम्ही नेहमी वापरतो. परंतु त्या रात्री 'संपर्क होऊ शकत नाही' यापलीकडे यंत्र काही बोलेना.

दुपारी संगणकाची खोली झाडणारा नववीतील एक मुलगा आमच्या डोळ्यांपुढे आला. त्याच्या वडिलांना फोन लावून आम्ही त्याला फैलावर घेतले. "सर, मी वायरीला हातसुद्धा लावला नाही. दुपारी लाइट मात्र दोनदा गेली होती," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. आम्ही ते कानाआड केले. आमचा चढलेला स्वर ऐकून आई स्वयंपाकघरातून कोकणीत म्हणाली, "पयलीं पळय, मागीर उलय." आधी पाहा, मग बोल!

आम्ही कला शाखेचे पदवीधर. तरी आता क्रमाने पाहू लागलो. घरचे इंटरनेट चालू होते. शाळेच्या जाळ्यात नेणारा व्हीपीएन हा सुरक्षित मार्गही खुला होता. मग 'पिंग' केले. अमेरिकेतील माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीची वाट पाहावी, तशी त्याची रीत. शाळेच्या राउटरने तत्काळ ओ दिली; सर्व्हर मात्र गप्प. गप्प म्हणजे बंदच असेही नव्हे, कारण फायरवॉल नावाचा पहारेकरी कधी कधी पिंगला उत्तर देऊ देत नाही. म्हणून रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले ३३८९ क्रमांकाचे दार ठोठावले. तेथेही सामसूम!

शेवटी राउटरमधील यादी उघडली. सर्व्हर तेथे सुखरूप होता. केवळ त्याच्या पत्त्याचा शेवटचा आकडा २० ऐवजी ३७ झाला होता. वीज जाऊन आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले होते, आणि आम्ही जुन्याच बिऱ्हाडाचे दार ठोठावीत बसलो होतो! नवा पत्ता घालताच पडदा उजळला. पुन्हा असे होऊ नये म्हणून तो पत्ता राउटरमध्ये सर्व्हरच्या नावे कायमचा राखून ठेवला.

चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणजे काय, हे तेव्हा कळले. खरे कारण त्या मुलाने आम्हांस आरंभीच सांगितले होते! आम्ही त्याच रात्री पुन्हा फोन करून त्याची क्षमा मागितली. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "सर, गुण भरून झाले ना?"

त्यावर काय बोलावे, हे आम्हांस सुचेना.